अकरावी-बारावीला मानसशास्त्र घ्यायचंय? मराठवाड्यातल्या मुलामुलींसाठी पायरीपायरीने

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडं दोनच प्रश्न विचारले जातात. लातूरला जायचं की इथंच राहायचं, आणि बायो घ्यायचं की मॅथ्स. यातलं काहीच नको, मला मानसशास्त्र शिकायचंय असं म्हणणारं लेकरू घरात निघालं, की चुलत्यापासून पिठाच्या गिरणीवाल्यापर्यंत सगळे विचारतात, "कामून? वेड्यांचा डॉक्टर व्हायचंय का?"

मी बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावातून हा विषय घेऊन बारावी केली आणि पदवीलाही तोच ठेवला. विषय अवघड नाही. गोंधळ होतो तो प्रवेशाच्या वेळी आणि प्रकल्पाच्या वेळी, म्हणून या लेखात त्याच दोन गोष्टींवर जास्त लिहिलंय. आपल्याकडं आधी कॉलेज ठरतं आणि मग तिथं जे विषय असतील ते घेतले जातात. मानसशास्त्र हवं असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो. विषय शिकवणारं माणूस कुठं आहे ते आधी शोधायचं आणि मग तिथं प्रवेश घ्यायचा.

१. नेमकं काय व्हायचंय ते आधी बघा

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे औषधं लिहून देणारा डॉक्टर. त्याला आधी एमबीबीएस आणि मग मनोविकारशास्त्रात एमडी किंवा तत्सम पदव्युत्तर शिक्षण लागतं. म्हणजे नीट, म्हणजे अकरावीपासून विज्ञान शाखा आणि जीवशास्त्र. तुमच्या डोक्यात हे चित्र असेल तर कला शाखेत मानसशास्त्र घेऊन तिथं पोहोचता येणार नाही. हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं, कारण दोन वर्षं गेल्यावर कळून काही उपयोग नसतो.

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषधं देत नाही. तो चाचण्या घेतो, निदानाला मदत करतो आणि मानसोपचार करतो. त्यासाठी मानसशास्त्रात पदवी, पदव्युत्तर पदवी, पुढचं विशेष प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी असा लांबचा रस्ता आहे. या वाटेला अकरावी-बारावीचं मानसशास्त्र उपयोगी पडतं, पण ती सक्तीची अट नाही. बारावीला विषय नसतानाही पदवीला तो घेणारे पुष्कळ असतात.

यांशिवाय समुपदेशक, शिक्षक, समाजकार्य आणि कंपन्यांतला मनुष्यबळ विभाग आहेच. शिक्षक व्हायचं असेल तर एक सरळ फायदा आहे. टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, १५० गुणांच्या पेपरात ३० गुण बालविकास आणि अध्यापनशास्त्राला असतात, आणि त्यातला बराच भाग तुम्ही आधीच वाचलेला असेल. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत मानसशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे, पण त्यासाठी अकरावीतच उडी मारू नका. तो निर्णय पदवीनंतरही घेता येतो.

आणि हो, "मला लोकांच्या मनातलं ओळखता येतं" हे या विषयाला येण्याचं सगळ्यात कच्चं कारण आहे. इथं मनातलं ओळखायला शिकवत नाहीत, मोजायला शिकवतात.

२. विषय खरंच शिकवला जातो का, ते कॉलेजात जाऊन बघा

ही पायरी मे महिन्यातच, निकालाच्या आधी उरकून घ्या.

मराठवाड्यातल्या बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत कला शाखा म्हणजे इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र. मानसशास्त्र सगळीकडं नसतं. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड अशा मोठ्या शहरांत मिळण्याची शक्यता जास्त असते, आणि तालुक्याच्या ठिकाणी कधी कधी अनपेक्षितपणे चांगलं चाललेलं सापडतं. कॉलेजच्या नावलौकिकावरून काही ठरवू नका. विज्ञानासाठी गाजलेल्या कॉलेजात कला शाखेची अवस्था वेगळी असू शकते.

माहितीपत्रकात विषयाचं नाव असणं आणि तो वर्गात शिकवला जाणं यांत अंतर असतं. कधी विषय मंजूर असतो पण मुलं पुरेशी येत नाहीत, मग तो त्या वर्षी चालवतच नाहीत. कधी शिक्षक निवृत्त झालेले असतात आणि जागा भरलेली नसते. मग समाजशास्त्राचे सर वेळ मिळेल तसे धडे वाचून दाखवतात. म्हणून ऑफिसच्या खिडकीवर "मानसशास्त्र आहे का?" एवढंच विचारून परत येऊ नका. "आहे की" हे उत्तर तिथं कुणालाही मिळतं. त्याऐवजी हे विचारा:

- मागच्या वर्षी बारावीला मानसशास्त्राची किती मुलं बसली?
- विषयाला पूर्णवेळ शिक्षक आहेत की तासिका तत्त्वावरचे? त्यांचं स्वतःचं पदव्युत्तर शिक्षण मानसशास्त्रातच झालंय का?
- या विषयाचा तास वेळापत्रकात दुसऱ्या कोणत्या विषयाच्या वेळेला लावलेला असतो?
- प्रात्यक्षिक किंवा प्रकल्प कोण करून घेतं? मागच्या वर्षीची वही बघायला मिळेल का?
- वर्ग मराठी माध्यमाचा आहे की इंग्रजी?
- तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित? फीचा आकडा यावरच ठरतो.

शेवटी त्या कॉलेजातल्या बारावीच्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला गाठा आणि "सर तासाला येतात का?" असं सरळ विचारा. खिडकीवर जे कळत नाही ते इथं कळतं.

जवळपास कुठंच सोय नसेल तर? मला विचाराल तर फक्त या एका विषयासाठी घरापासून दूर खोली करून राहण्याचा खर्च करू नका. समाजशास्त्र, मराठी, इंग्रजी पक्कं करा आणि पदवीला मानसशास्त्र घ्या. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या उच्च माध्यमिक परीक्षेतही मानसशास्त्र हा विषय आहे, त्याचा क्रमांक ३२८. पण तिथं सगळा अभ्यास स्वतःच्या हिमतीवर करावा लागतो. रोज कुणी "बस अभ्यासाला" म्हणणारं नसेल तर सोळाव्या वर्षी ते जड जातं.

३. ऑनलाइन अर्ज

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी आधी थेट कॉलेजात जाऊन अर्ज भरायची पद्धत होती, त्यामुळं घरातल्या मोठ्यांना ही नवी रीत माहीत नसते. "मी बोललोय सरांशी, होऊन जाईल" म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांना नम्रपणे चहा द्या आणि अर्ज स्वतः भरा.

अर्जाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात तुमची माहिती आणि कागदपत्रं, दुसऱ्यात पसंतीक्रम. पसंतीक्रमात किमान १ आणि जास्तीत जास्त १० पर्याय देता येतात.

इथं दोन सापळे आहेत. पहिला असा की तुम्ही निवडता ते कॉलेज, शाखा आणि माध्यम. मानसशास्त्र मिळालं की नाही हे प्रवेश पक्का करताना कॉलेजात विषय भरून घेतात तेव्हा ठरतं. म्हणजे "कला" मिळाली म्हणून पेढे वाटले आणि खिडकीवर कळलं की मानसशास्त्राचा गट भरलाय, असं होऊ शकतं. म्हणून यादी लागल्यावर शेवटच्या तारखेची वाट बघू नका, पहिल्याच दिवशी जा. कॉलेजने दिलेल्या विषयांच्या पावतीवर मानसशास्त्र छापून आलंय का, हे खिडकीसमोरच वाचा.

दुसरा सापळा पहिल्या पसंतीचा. नियमित फेरीत पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं आणि तिथं प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर राहावं लागतं. त्यामुळं पायरी २ मधली चौकशी केल्याशिवाय कोणतंही कॉलेज वरच्या क्रमांकावर टाकू नका. सायबर कॅफेवाला "हे टाकून देऊ का?" म्हणतो तेव्हा तर अजिबातच नाही. लॉगिन आणि पासवर्ड वहीत स्वतःच्या हाताने लिहून ठेवा आणि मोबाइल नंबर घरचाच द्या. फेरीचे निरोप त्यावरच येतात.

लागणारी कागदपत्रं:

- दहावीची गुणपत्रिका
- शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे टीसी
- आधार कार्ड
- लागू असेल तर जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र
- उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीसाठी
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- आधारशी जोडलेलं, विद्यार्थ्याच्या नावाचं बँक खातं

तहसीलचे दाखले जूनमध्ये मागायला गेलात तर रांग लागलेली असते, एप्रिलमध्येच अर्ज करून ठेवा. यादीतली शेवटची ओळ महाडीबीटीच्या, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून मिळणाऱ्या, शिष्यवृत्तीसाठी आहे. खातं आधारशी जोडलेलं नसलं की मंजूर झालेले पैसेही अडकतात. टीसीवरचं नाव, आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, तेही बघून घ्या.

४. सोबतचे विषय

इंग्रजी, दुसरी भाषा आणि त्यांच्यासोबत वैकल्पिक विषय अशी रचना असते. मानसशास्त्रासोबत समाजशास्त्र चांगलं जमतं. तर्कशास्त्र मिळत असेल तर जरूर घ्या, पण ते आणखी दुर्मीळ. अकरावीत घेतलेला विषयच बारावीला पुढं न्यायचा असतो, नंतर बदल करणं म्हणजे अर्ज-विनंत्यांचा खेळ. नको असलेला विषय पहिल्या आठवड्यातच बदलून घ्या.

५. पुस्तक, पारिभाषिक शब्द आणि रोजचा अभ्यास

बालभारतीचं पाठ्यपुस्तक पुरेसं आहे. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर ते पीडीएफ रूपात फुकट मिळतं, त्यामुळं दुकानात आलं नाही म्हणून थांबायची गरज नाही. बारावीला बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व, बोधनिक प्रक्रिया, भावना, मानसिक विकृती, सकारात्मक मानसशास्त्र असे घटक आहेत. गाइड घ्यायचंच असेल तर दिवाळीनंतर घ्या. आधी घेतलं की पुस्तक उघडलंच जात नाही.

मराठी माध्यमात असाल तर वहीच्या मागच्या पानांवर दोन रकाने आखा. एका बाजूला अवधान, संवेदन, उद्दीपक, प्रबलन, प्रक्षेपण असे पुस्तकातले शब्द, दुसऱ्या बाजूला त्यांचे इंग्रजी शब्द. परीक्षेत मराठीच लिहायचंय, पण पदवीची आणि त्यापुढची बरीचशी पुस्तकं इंग्रजीत असतात. रोज पाच-सहा शब्द उतरवले तर बारावीनंतर धक्का बसत नाही.

नावं आणि सालं एका कागदावर लिहून भिंतीला लावा. वुंट, लाइपझिग, १८७९, पहिली प्रयोगशाळा. एबिंगहाउस, १८८५, स्मृती. स्पीअरमन, १९०४, बुद्धिमत्तेचे सामान्य आणि विशिष्ट घटक. बिने आणि सायमन, १९०५, बुद्धिमत्ता चाचणी. रोर्शाक, १९२१, शाईच्या दहा डागांची व्यक्तिमत्त्व चाचणी. गार्डनर, १९८३, बहुविध बुद्धिमत्ता. यात आपल्याकडचं एक नाव जोडा: व्ही. व्ही. कामत. बिनेच्या चाचणीचं मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर त्यांनी केलं. चाचणी दुसऱ्या भाषेत नेताना नुसतं भाषांतर का चालत नाही, या उत्तरात हे उदाहरण फार कामाला येतं.

एबिंगहाउसने अर्थ नसलेले अक्षरगट स्वतः पाठ केले आणि किती विसरतोय ते स्वतःवरच मोजलं. विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो, नंतर मंदावतो, आणि एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते असं त्याला दिसलं. मग तुम्हीही तेच करा. आज वाचलेला धडा उद्या पुस्तक मिटून आठवा, मग आठवड्याने, मग महिन्याने. हा विषय शिकणाऱ्याने तरी परीक्षेच्या आदल्या रात्री जागू नये.

६. प्रात्यक्षिक आणि प्रकल्प: इथंच विषय कळतो

राज्य मंडळाच्या परीक्षेत लेखी ८० गुणांची असते आणि २० गुण कॉलेजात होणाऱ्या प्रात्यक्षिक-प्रकल्पाचे. बरेच जण हे २० गुण फुकटचे समजतात आणि मागच्या वर्षीची वही उतरवून काढतात. गुण मिळतातही. पण प्रयोग म्हणजे काय हे कायमचं कळायचं राहून जातं, आणि लेखी पेपरात परिवर्त्यांचा (प्रयोगात बदलणाऱ्या गोष्टींचा) प्रश्न आला की पेन थांबतो.

प्रयोगशाळा नसली तरी घरी करता येण्यासारखा एक प्रयोग सांगते. स्ट्रूप या मानसशास्त्रज्ञाचा, १९३५ चा. साहित्य: दोन पांढरे पुठ्ठे, चार रंगांचे स्केचपेन, मोबाइलमधलं स्टॉपवॉच.

पहिल्या पुठ्ठ्यावर लाल, निळा, हिरवा, काळा हे शब्द त्याच त्याच रंगाने, उलटसुलट क्रमाने मिळून २० वेळा लिहा. दुसऱ्यावर तेच शब्द, पण भलत्याच रंगात. "लाल" हा शब्द हिरव्या शाईने, "निळा" काळ्या शाईने. समोरच्याला सांगायचं: शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग मोठ्याने सांगायचा. दोन्ही पुठ्ठ्यांना किती सेकंद लागले ते लिहा, चुकाही मोजा. दुसऱ्या पुठ्ठ्याला वेळ जास्त लागतो, कारण वाचन आपल्या अंगवळणी पडलेलं असतं आणि ते थांबवायला जोर लावावा लागतो.

आता खरी मेख. सगळ्यांना आधी पहिला आणि मग दुसरा पुठ्ठा दिला, तर लागलेला जास्त वेळ थकव्याचा की रंगाच्या गोंधळाचा हे सांगता येणार नाही. म्हणून निम्म्या लोकांना उलट्या क्रमाने द्या. उजेड सगळ्यांना सारखा हवा. लाल-हिरवा ओळखायला अडचण असणारं कुणी आहे का, ते आधी विचारून घ्या. आणि ज्या आजीला वाचता येत नाही तिच्यावर हा प्रयोग जरूर करून बघा. शब्द तिला अडवतच नाही, त्यामुळं दोन्ही पुठ्ठ्यांच्या वेळेत फारसा फरक पडत नाही. ही एक नोंद वहीत असली की तोंडी परीक्षेत बोलायला भरपूर मिळतं.

वहीत क्रम असा ठेवा: उद्देश, अभ्युपगम (काय दिसेल याचा आधी बांधलेला अंदाज), स्वतंत्र परिवर्त्य (आपण मुद्दाम बदलतो ते) आणि परतंत्र परिवर्त्य (आपण मोजतो ते), नियंत्रित केलेल्या गोष्टी, साहित्य, कृती, निरीक्षणांचा तक्ता, निष्कर्ष, मर्यादा. मर्यादा लिहायला लाजू नका, परीक्षक तो भाग आवर्जून वाचतात. आकडे अपेक्षेप्रमाणे आले नाहीत तर आले तसेच लिहा. दहाही जणांचे आकडे सुबक निघाले की ते घरी बसून लिहिलेत हे लगेच दिसतं.

सर्वेक्षणाचा प्रकल्प घेणार असाल तर विषय साधा ठेवा: झोपेच्या वेळा, मोबाइलचा वापर, परीक्षेची भीती. प्रत्येकाची परवानगी घ्या, लहान मूल असेल तर पालकांची. वहीत नाव लिहू नका, "प्रयुक्त १, प्रयुक्त २" असं लिहा; प्रयुक्त म्हणजे ज्याच्यावर अभ्यास केला तो माणूस. गावात वही कुणाच्याही हाती पडते. शेतकरी आत्महत्या झालेल्या घरात जाऊन प्रश्नावली भरून आणण्याची कल्पना दरवर्षी कुणाला तरी सुचते. ती सोडून द्या. त्या घराला पुन्हा ते सगळं सांगायला लावण्याची तयारी सोळा-सतरा वर्षांच्या कुणाचीच नसते, आणि कॉलेजने सांगितलं तरी तुम्ही नाही म्हणू शकता.

७. लेखी पेपर

पाठ्यपुस्तकातल्या स्वाध्यायांना शब्दमर्यादा दिलेली असते, तिचा सराव करा. संकल्पनेच्या छोट्या प्रश्नाला अर्धं पान लिहिणारे शेवटच्या मोठ्या प्रश्नाला धापा टाकत पोहोचतात. व्याख्या, कुणी मांडलं, घटक, एक उदाहरण असा साचा ठेवा, आणि उदाहरण आपल्या घरातलं, शेतातलं, एसटीतलं द्या. बुद्धिगुणांकाचं गणित चुकवू नका: मानसिक वय भागिले शारीरिक वय गुणिले १००. दहा वर्षांच्या मुलाचं मानसिक वय १२ असेल तर १२०. जुने पेपर सोडवताना घड्याळ लावून ८० गुणांना तीन तास धरा.

८. लोक तुमच्याकडं प्रश्न घेऊन येतील

विषय घेतल्याची बातमी गल्लीत पसरली की आधी चेष्टा होते, "सांग बरं माझ्या मनात काय चाललंय?" मग एक दिवस कुणीतरी मावशी हळूच बाजूला घेऊन विचारते, की आमच्या सुनेच्या अंगात येतं, किंवा पोरगा रात्र रात्र झोपत नाही. तेव्हा निदान करू नका. विकृतींच्या धड्यातली लक्षणं वाचून स्वतःचंही करू नका. तो धडा वाचताना वर्गातल्या अर्ध्या मुलांना आपल्याला यातलं काहीतरी आहे असं वाटतंच. पण एखादा त्रास आठवडेच्या आठवडे राहत असेल, अभ्यास-जेवण-झोप बिघडवत असेल, तर शिक्षकांशी किंवा घरी बोला आणि डॉक्टरकडं जा.

मावशीला सांगायला दोन गोष्टी पाठ ठेवा. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, तिथं केसपेपर काढून दाखवता येतं. आणि टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोन सेवा, नंबर १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूरला आहेत, मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. त्यामुळं हा नंबर आपल्याकडं जास्तच कामाचा. कुणी जीव देण्याची भाषा करत असेल तर ते गुपित ठेवू नका, दिलेला शब्द मोडावा लागला तरी. त्याला एकटं सोडू नका, घरातल्या मोठ्या माणसाला लगेच सांगा आणि तिथूनच फोन लावा.

९. बारावीनंतर

पदवीला प्रवेश घेतानाही पायरी २ मधले सगळे प्रश्न पुन्हा विचारायचे आहेत. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य आणि दुय्यम विषय अशी रचना आली आहे, तेव्हा मानसशास्त्र मुख्य म्हणून शेवटच्या वर्षापर्यंत मिळणार आहे का, हे लेखी बघा. काही ठिकाणी ते फक्त दुय्यम म्हणून असतं आणि पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी अडचण येऊ शकते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्याला जायलाच हवं असं नाही. इग्नू या मुक्त विद्यापीठाचं एमए मानसशास्त्र कोणत्याही शाखेच्या पदवीधराला करता येतं, पण त्यावर पुनर्वास परिषदेची नोंदणी मिळत नाही. "सहा महिन्यांत समुपदेशक व्हा" अशा जाहिरातींनाही हेच लागू. पैसे भरण्याआधी तो अभ्यासक्रम परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का ते परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा, आणि यादीत नसेल तर फी कितीही कमी असली तरी परत या.